भामाकाकीचा हात

"शालन, उठ गो. तुका आरोसकरांनी बोलवल्यानी," आमच्या टेबलावरची फिलू दारातूनच ओरडली. "आणि डोक्यावरची साला झटक. मॅनेजरासमोर काजीचा झाड होवन जाव नको."

टेबलावरच्या सगळ्याजणी हसल्या. भामाकाकी हसली नाही. तिने माझ्यापुढचं भरलेलं ताट आपल्याकडे ओढलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "जा तू. तुझा ताट मी देतंय आत."

मी पदराने डोकं पुसत निघाले. मॅनेजर एखादीला बोलावतो म्हणजे झापायलाच, एवढं मला ठाऊक होतं. चुलीवरचं दूध उतू जायच्या बेताला आलं की जीव जसा वर-खाली होतो, तसा तो ऑफिसच्या दारापर्यंत होत राहिला.

आमचा काजूचा कारखाना गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर होता. बिया फोडणं, भाजणं, सालं काढणं हे सगळं खालच्या शेडमध्ये व्हायचं आणि सोललेले गर वर आमच्याकडे निवडायला यायचे. तीन टेबलं, एकेका टेबलावर दहा बायका. मोठे गर वेगळे, मधले वेगळे, बारीक वेगळे, फुटलेल्या पाकळ्या वेगळ्या. हे कोणीही करील. खरी कसोटी होती ती चिरक्या गरांची. हा गर दिसायला अख्खा दिसतो, पण त्याच्या अंगात केसाएवढी चीर असते. डब्यात भरून परदेशी पोचेपर्यंत त्याचे दोन होतात आणि तिकडून तक्रार येते. तो ओळखायला नजर लागते, आणि नजरेपेक्षा बोटं लागतात.

प्रत्येकीच्या ताटाला तिचा नंबर असायचा. ताट भरलं की ते टेबलावरून सरकत सरकत भामाकाकीपर्यंत जायचं, कारण ती शेवटच्या जागेवर बसायची आणि तपासणीच्या खोलीची खिडकी तिच्या कोपराशीच होती. आत तपासणी व्हायची. चुका जास्त निघाल्या की ताट लाल चिठ्ठी लावून परत यायचं आणि वहीत तुमच्या नंबरापुढे फुली पडायची.

खिडकीतून ताट आत ढकलण्याआधी भामाकाकी त्यावरून हात फिरवायची. बोटं पसरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिच्या माहेरी देवचार-बिवचार, भुतंखेतं फार मानायचे. नजर लागू नये म्हणून ती करत असणार, असं मी धरून चालले होते. मी नवीन लागले तेव्हापासून माझी जागा तिच्या शेजारीच होती. तरी मी तिला कधी विचारलं नाही.

तिच्या स्वतःच्या ताटाला मात्र आठवड्यातून एखाददुसरी लाल चिठ्ठी यायचीच. जुन्या सुपरवायझर मोडकबाई तिला बोलायच्या, ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. मला वाटायचं, वय झालं बिचारीचं.

"बसा," आरोसकर म्हणाले.

त्या खोलीत आमच्यापैकी कोणाला कोणी बसा म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी खुर्चीच्या टोकावर टेकले.

"शालन राऊळ. चौदा महिने झाले तुम्हाला. तुमची किती ताटं परत आली, माहीत आहे?"

"नाही, साहेब." मला चांगलं माहीत होतं.

"एकही नाही." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "सबंध कारखान्यात अशी दुसरी बाई नाही. मोडकबाई काम सोडून गेल्या, तुम्हाला ठाऊकच आहे. तीन नंबरचं टेबल मी तुमच्या हाती देणार आहे. महिनाभर बघू. जमलं तर कायम, नाही जमलं तर परत आपल्या जागेवर."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू? तेवीस वर्षांची होते मी. नवरा मच्छीच्या गाडीवर, घरात सासू, कडेवर लेक मालू. माझ्या आयुष्यात तोवर कोणी माझ्यापुढे वही फिरवून माझं नाव दाखवलं नव्हतं.

"आणखी एक," आरोसकर म्हणाले. "महिनाअखेरीला तुमच्या टेबलावरची एक बाई कमी करायची आहे. मालकांचं तसं पत्र आहे. नाव तुम्ही द्यायचं. काम बघून द्या, तोंड बघून नको."

मी मान हलवली. त्या क्षणी त्यांनी दोन बायका सांगितल्या असत्या तरी हलवली असती.

सुपरवायझरला पांढरा कोट मिळायचा. तो मोडकबाईंच्या मापाचा होता, मला तो गुडघ्याच्या खाली आला. मी तो घालून टेबलापाशी आले तेव्हा फिलू उठून उभी राहिली आणि कमरेत वाकून म्हणाली, "इंजेक्शन देव नको हां डॉक्टरीणबाय!"

भामाकाकीने मला जवळ बोलावलं. बाह्या लांब होत होत्या, त्या तिने दुमडून दिल्या, दोन्ही सारख्या आहेत ना ते बघितलं. "कोट मोठो झालो गो. पण तू वाढतलंस त्यात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या आईच्याही आलं नसतं एवढं.

तिच्या घरचं मला सगळं ठाऊक होतं. मुलगा बाटलीच्या नादाला लागलेला, घर सुनेच्या हातात. "सकाळी डबो घेवन भायर पडतंय म्हणान सून ताट वाढता," ती एकदा मला म्हणाली होती. "ज्या दिवशी घरात बसलंय, त्या दिवशी मी पोतेऱ्यासारखी." कारखान्यातली ती शेवटची जागा म्हणजे तिचं सगळं होतं. हे मला कोट घालण्याआधीही ठाऊक होतं आणि नंतरही.

कोट घातल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर माझी भाषा बदलली. मी टेबलाशी शुद्ध बोलायला लागले. "लवकर आटपा", "बोलू नका", "आपापल्या कामाकडे लक्ष द्या". कोणी शिकवलं नव्हतं. आपोआप तोंडात आलं.

"शालन, तू आमच्याशी पेपरातला मराठी कित्याक बोलतंस?" फिलूने विचारलं.

"कामाच्या जागी कामाची भाषा," मी म्हटलं.

दुसरी गोष्ट मी केली ती मात्र पूर्ण विचाराने. आरोसकरांनी विचारलं होतं, "काही सुधारणा सुचते का?" नव्या माणसाला काहीतरी सुचलंच पाहिजे. मी म्हटलं, "साहेब, ताटं सरकवत सरकवत खिडकीपर्यंत जातात. त्यात वेळ जातो. वर भामाकाकी प्रत्येक ताटावर हात फिरवत बसते. त्यापेक्षा प्रत्येकीने आपलं ताट उठून आपण द्यावं. एकीच्या ताटाला दुसरीचा हात नको."

"वा!" आरोसकर म्हणाले. "हे मोडकबाईंना इतक्या वर्षांत सुचलं नाही."

मी टेबलाला हे सांगितलं. सगळ्यांनी आधी भामाकाकीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"माझो हात पण नको?" भामाकाकीने विचारलं.

"कोणाचाच नको. साहेबांचा नियम आहे." नियम माझा होता.

"बरा," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

पहिल्याच आठवड्यात टेबलावर अकरा लाल चिठ्ठ्या आल्या. आधी फार तर तीन यायच्या. दुसऱ्या आठवड्यात चौदा. मला कळून चुकलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं, की बायका मुद्दाम करतायत. कालपर्यंत आपल्यासोबत डबा खाणारी आज कोट घालून उभी राहते, हे त्यांना झोंबलं. मी त्यांना बोलले. काय काय बोलले ते आता आठवलं तरी कान गरम होतात. फिलूला मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जळणाऱ्यांनी घरी जाऊन जळावं, इथे नाही." एका शब्दाला चार देणारी फिलू आपलं ताट उचलून खिडकीकडे गेली.

आरोसकरांनी तिसऱ्या आठवड्यात बोलावून घेतलं. या वेळी बसा म्हणाले नाहीत.

"शालनबाई, तुम्ही आलात आणि टेबल बिघडलं, असं वर जायला नको. ते एक नाव लवकर द्या. एकीला काढलं की बाकीच्या सरळ होतात."

मी वही घेऊन बसले. मागच्या चौदा महिन्यांच्या फुल्या एका कागदावर मांडल्या. तोंड बघायचं नव्हतं, काम बघायचं होतं. भामाकाकीच्या नावापुढे अठ्ठावन्न फुल्या निघाल्या. तिच्याखालोखाल जी होती तिच्या सहा. माझी ओळ कोरी. ती कोरी ओळ मी दोनदा बघितली, आपल्याच लग्नाचा फोटो बघावा तशी.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटण्यातसुद्धा एक ऐट होती. आपलं माणूस असूनही आपण न्यायाने वागतोय, ही ती ऐट.

"सत्यभामा धुरी?" भामाकाकीचं वहीतलं नाव वाचून आरोसकरांनी विचारलं. "वीस वर्षं जुनी बाई आहे. नक्की ना?"

"वहीत आहे ते सांगितलं, साहेब. तोंड बघून नाही."

"ठीक. शनिवारी काम सुटताना तुम्हीच सांगा. सुपरवायझरनेच सांगायचं असतं."

हे गुरुवारी झालं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी नळावर हात धुवायला गेले. फिलू तिथे डबा घासत होती. तिने मान वर केली नाही.

"भामाकाकीचा नाव दिलंस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"शिपायान. खरा काय ता सांग."

"वहीप्रमाणे दिलं. अठ्ठावन्न चिठ्ठ्या आहेत तिच्या."

फिलूने डबा खाली ठेवला. "त्यातल्यो तिच्यो किती?"

"म्हणजे?"

"अगो, ती हात कित्याक फिरवत होती? नजर काढूक? आमच्या ताटातलो चिरको गर तिच्या बोटांक लागा. तो ती उचली आणि आपल्या ताटात टाकी. मग वेळ गावलो तर निवडी, नायतर तसोच आत जाय. आमचो दिसाक एखादो. तुझे मूठ-मूठ."

नळ चालूच होता. मी म्हटलं, "खोटं."

"तू नवी इलंस तेव्हा तुझी मालू आठ महिन्यांची. तापान फणफणलेली. रातभर जागून यायचंस आणि ताटावर डुलक्यो काढायचंस. पयल्या आठवड्यातच तुका काढून टाकल्यानी असते. भामाकाकी म्हणाली, चेडू कच्चा हा, हात बसतलो हळूहळू. बोलणी खावक एक तोंड पुरे, ता माझा हा. आमका सगळ्यांक तिना शपथ घातली होती."

"मग नंतर तरी…"

"नंतर तुझो हात बसलोच नाय." फिलूने हे रागाने म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. "पटत नसात तर वहीचा ह्या महिन्याचा पान उघड. आपापला ताट आपण देवचा, असा तू काढलंस, त्या दिसापासना भामाकाकीक एक तरी चिठ्ठी इली काय बघ."

मी जेवले नाही. वही उघडली. नियम लागू झाल्यापासूनचे अठरा दिवस. सगळ्यांच्या नावांपुढे फुल्या होत्या, कोणाला दोन, कोणाला चार. भामाकाकीची ओळ कोरी होती. एकही नाही. अठरा दिवसांत सत्तेचाळीस ताटं आत गेली होती तिची, आणि एकही परत आलं नव्हतं.

मी ते पान आधी बघितलं नव्हतं का? रोज बघत होते. रोज संध्याकाळी त्याखाली माझी सही होती.

आणि फिलूने सांगेपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण कधी कधी माझं ताट आत जाताना जरासं मोडलेलं दिसायचं, मधली रास विस्कटलेली. मी तेवढ्यात पाणी प्यायला वळायचे, नाहीतर केस बांधायचे. माहीत नव्हतं यापेक्षा माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

वही काखोटीला मारून मी तडक आरोसकरांच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. साहेब, नाव चुकलं. त्या फुल्या तिच्या नाहीत. मग ते विचारणार, कोणाच्या? मग मी सांगणार. मग कोट काढून खुंटीला, आणि मी परत टेबलावर. परत टेबलावर तरी कशी? मूठ-मूठ चिरके गर ज्या बाईच्या ताटात, तिलाच काढतील. हे सगळं मला दारात उभ्या उभ्या लख्ख दिसलं. तरी मी आत गेले, एवढं मी माझ्या बाजूने सांगू शकते.

"या, या. बरं झालं आलात," आरोसकर म्हणाले. "बसा. तुमचं कायमचं पत्र आलंय. मालक कां-कू करत होते, टेबल बिघडलंय म्हणून. मी सांगितलं, चौदा महिने जिचं एक ताट परत आलं नाही अशी बाई आहे, तिच्यावर माझा विश्वास आहे. इथे सही करा."

त्यांनी पेन पुढे केलं. कोणी मला दमात घेतलं नव्हतं, कोणी हात पिरगळला नव्हता. वर पंखा फिरत होता.

मी सही केली.

"तुमचं काय काम होतं?"

"काही नाही, साहेब. वही ठेवायला आले होते."

शनिवारी पाचची घंटा झाली. बायका डबे आवरून गेटाकडे निघाल्या. भामाकाकी नेहमीप्रमाणे मागे राहिली होती. ओल्या फडक्याने आपल्यापुढचा टेबलाचा भाग पुसत होती. शेजारचा, माझा जुना भागही तिने पुसला. माझ्या हातात नमुन्याचं ताट होतं. उत्तम निवड कशी असावी, ते बाकीच्या टेबलांना दाखवण्यासाठी मी स्वतः दुपारभर बसून भरलं होतं.

"भामाकाकी, सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

तिचा फडका थांबला. "माका तुम्ही म्हणतंस?"

मी ताट सावरून धरलं.

"कित्याक गो? माझा काय चुकला?"

"माणसं कमी करतायत. वरून नाव आलं."

"वरसून?" ती खरोखर विचारात पडली. "वरच्यांक माझा नाव कसा ठावक?"

मी ताटाकडे बघत उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता तिला समजत गेलं. मी मान वर केली नाही तरी मला ते कळत होतं. राग आला असता तर मला सोसला असता. ती टेबलाला हात टेकून हळूच बाकावर बसली.

"सुनेक काय सांगू?" ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच. "सोमवारी डबो भरून भायर पडाक होया. मगे दिसभर खय बसू?"

मी तेव्हाही बोलू शकले असते. ऑफिसात दिवा होता. आरोसकर अजून गेले नव्हते.

मग ती उठली. डबा पिशवीत घातला, पदर खोचला. जाताना माझ्यापाशी थांबली. माझ्या हातातल्या ताटावरून तिने हात फिरवला, बोटं पसरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सवयीनेच असेल. मध्यावर तिची बोटं अडली. तिने एक गर उचलला आणि नेहमीसारखा डावीकडे नेला, जिथे तिचं ताट असायचं. तिथे पुसलेलं, ओलं टेबल होतं. हात तसाच थांबला.

मग तिने माझा उजवा हात ताटाखालून ओढून घेतला, उलगडला आणि तो गर माझ्या तळव्यात ठेवून बोटं मिटून दिली.

"तुझो हा," ती म्हणाली. "आता तुझ्याकडेच ठेव."

ती गेल्यावर मी तो गर ट्यूबलाइटखाली धरला. या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. नखाने चाचपला. मला त्यात कुठेही चीर दिसली नाही.

मी तो कोटाच्या खिशात टाकला आणि बाहेर आले. गेटावर रोजची झडती चालू होती. कोणी गर बाहेर नेऊ नये म्हणून प्रत्येक बाईचा डबा उघडायचा, पदराची गाठ सोडायला लावायची. भामाकाकी रांगेत शेवटी होती. वॉचमनने तिचा डबा उघडला, पिशवी झटकली, गाठ सोडायला सांगितली. गाठीत तंबाखूची पुडी निघाली. ती तिने परत बांधली आणि चालू लागली.

कोटवाल्यांची झडती घेत नसत. वॉचमनने मला सलाम केला आणि गेट उघडून धरलं.